ओली घालून जाऊ नका

मोरू : सांगा की भावोजी तिला, आवडी गेली त्या दिशी कसली चड्डी होती तुमच्या अंगावर. तसलीच देईल ती.

अनिल : हळू बोल. सायकलींचं दुकान आहे हे. आणि त्या दिवसाचं इथं कशाला?

मैथिली : आवडी म्हणजे... काकू? अरे देवा. मला माहीतच नव्हतं, काका. कधी?

मोरू : पेरण्यांच्या आधी. माझी थोरली बहीण ती. मी मोरू, कापडे गावचा, ह्यांचा मेहुणा. ऐतवार होता गो. ह्ये सायकलीवर पुढं निघाले आमच्याकडं यायला, ती मागून यष्टीनं येणार. दर ऐतवारी तसंच चालायचं. तर महाडच्या स्टँडवर बाकड्यावर बसली, न् बसूनच राहिली. कुणीतरी तिच्याच फोनवरनं मला लावला. मी गाडी काढली न् ह्यांना पोलादपुरात रस्त्यातच गाठलं.

अनिल : झालं सांगून?

मोरू : झालं नाय. सायकल एका टपरीवर टाकली न् ह्यांना मागं बसवून तसाच सरकारी दवाखान्यात. सगळी माणसं जमलेली, न् ह्ये आपले उघड्या मांड्यांनी उभे. मी समोरच्या दुकानातनं लुंगी आणली न् गुंडाळली कमरेला.

अनिल : हिरवी. मोठमोठ्या चौकटीची.

मोरू : आता त्या घाईत रंग बघत बसू?

अनिल : नावं नाय ठेवत रे. आठवलं म्हणून बोललो.

मैथिली : काका, बसा ना तुम्ही. पाणी देऊ?

अनिल : पाणी नको. मला एक साधी... ते सायकलवर घालतात ना... खाली...

मैथिली : शॉर्ट्स.

अनिल : हां. शॉर्ट्स.

मोरू : चड्डी म्हणा की! तिनं ओळीनं टांगल्यात दुकानात, तिला लाज नाय न् तुम्हाला कसली?

अनिल : असलं सगळं आवडीच घ्यायची, बाई. आतलं, बाहेरचं, सगळं. मी दुकानाबाहेर सायकल धरून उभा.

मैथिली : जुनी फाटली का?

अनिल : नाय.

मैथिली : मग?

अनिल : ती नाय घालायची आता.

मैथिली : बरं. नवीन बघू.

मोरू : मी सकाळी न्यायला आलो ह्यांना. म्हटलं, बसा गाडीवर, म्हातारी वाट बघतेय. तर म्हणतात, येईन तर सायकलीवरच, न् सायकलीवर यायला चड्डी नाय. भात लावून झालं, कापून झालं, झोडून झालं, ह्यांना काय चड्डी मिळंना! शेवटी म्हटलं, चला, आधी चड्डी.

अनिल : खरंच नव्हती.

मोरू : एवढ्या महाडात?

मैथिली : मिळेल आता. काका, कमरेचं माप काय तुमचं?

अनिल : माप...

मोरू : बोला.

अनिल : माप तिला माहीत होतं.

मोरू : म्हणजे स्वतःची कंबर किती ते ठाऊक नाय? भावोजी, मला माझ्या बैलाच्या मानेचं माप ठाऊक हाय.

अनिल : बैलाला तूच जू घालतोस म्हणून. मला कधी गरज पडली नाय.

मोरू : आवडी गळ्याला लावून बघायची ना? बारके असताना आम्हाला पण तसंच. पँटची कंबर मानेभोवती फिरवायची, दोन टोकं मागं भिडली की झालं. थांबा, ही द्या इकडं. मान वर करा.

अनिल : मोरू, लोक बघतायत.

मैथिली : मामा, नका, ताणली जाईल! हे लवचीक कापड आहे. मानेला पण बसेल आणि डोक्याला पण बसेल. त्यात माप कळत नाही. काका, मी टेप देते, तुम्हीच कमरेला धरा. बेंबीच्या जरा खाली. हां. आता मांडीला, जिथे जाड आहे तिथे.

मोरू : मांडी बघ गो ह्यांची. आम्ही जन्मभर डोंगर चढतो न् मांड्या ह्यांच्या.

मैथिली : मीडियम बसेल. घट्ट वाटेल, पण टोचायला नको. सैल घेतलीत तर घड्या पडतात, आणि त्याच घड्या कातडी सोलतात. किती वेळ असता सीटवर?

अनिल : सकाळी कापड्यापर्यंत. तिथं जेवण, थोडी झोप. ऊन उतरलं की परत. घाट चढत नाय मी, तो कापड्याच्या पुढे लागतो.

मैथिली : मग हे तीन प्रकार बघा. ही खांद्यावर पट्टे असलेली. कमरेला काचत नाही, लांब जाणारे हीच घेतात.

मोरू : ही तर बालवाडीतल्या पोरांची! भावोजी, हायवेला लघवीला थांबलात की आधी शर्ट काढा, मंग पट्टे काढा, तवर महाबळेश्वरची यष्टी जाईल, आतनं सगळे हात करतील तुम्हाला.

अनिल : पट्ट्याची नको.

मैथिली : ठीक आहे. ही दुसरी, सगळ्यात स्वस्त.

मोरू : हीच घ्या. गादी बघा केवढी जाड! ह्यावर बसलं की झोपच लागंल.

मैथिली : अंगठ्यानं दाबा ना, मामा.

मोरू : दाबला.

मैथिली : अंगठा कुठवर गेला?

मोरू : पार पलीकडं गेला की.

मैथिली : तसंच हाडाचं होतं. दुकानात मऊ वाटते. पोलादपूर येईपर्यंत स्पंज चेपतो आणि माणूस सीटवर बसल्यासारखाच. आता ही तिसरी दाबा. पातळ आहे, पण घट्ट आहे.

मोरू : ही दबते न् परत वर येते.

मैथिली : हीच हवी. शिवण बघा, आत मधोमध कुठेही नाही. मांडीला खाली रुंद पट्टी आहे, म्हणजे वर सरकत नाही आणि वळही उठत नाही. यापेक्षा महाग आहेत माझ्याकडे, पण तुमच्या एवढ्या अंतराला त्याची गरज नाही. त्यापेक्षा याच दोन घ्या. एक धुतलेली, एक अंगावर.

अनिल : दोन कशाला? माणूस एकच आहे.

मैथिली : सांगते. आधी घालून बघा. तिकडे पडदा आहे. आणि काका... एक सांगू का? रागावू नका.

अनिल : सांग.

मैथिली : याच्या आत दुसरं काही घालायचं नसतं.

मोरू : काय गो, काय म्हणालीस?

मैथिली : आत अंडरवेअर घालायची नाही. तीच शिवण घासते. ही नुसतीच घालायची. आत्ता बघायला म्हणून घालताना राहू द्या, पण रस्त्यावर नाही.

मोरू : भावोजी! एवढी वर्षं तुम्ही...?

अनिल : गप.

मोरू : आतून घालत होतात! म्हणून दर ऐतवारी आमच्या ओटीवर पाय फाकवून यायचात! आम्हाला वाटायचं, सायकल शिकलेला माणूस असाच चालतो. एकदा तर आवडीनं ह्यांना सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात नेऊन बसवलं, म्हणे उतार पडंल.

अनिल : आग झाली नुसती. दे ती, बाई, मी बघतो घालून.

(अनिल चड्डी घेऊन पडद्यामागे जातो. पुढचं बरंचसं तो तिथूनच बोलतो.)

मैथिली : मामा, किती चिडवता त्यांना!

मोरू : चिडवायला तरी मिळाले आज. सहा-सात वेळा आलो, दाराशी चहा पाजून परत पाठवलं. पंपाच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान हाय ना ह्यांचं, त्याच्यात डोकं घालून बसायचं. आमच्या घरी पाय नाय टाकला तेराव्यानंतर.

मैथिली : का?

मोरू : आईमुळं. माझी आई गो, म्हातारी. ती एकच इचारते, माझी आवडी शेवटचं काय बोलली? स्टँडवर तर कुणाशी बोलली नाय. म्हणजे घरातनं निघताना ह्यांच्याशीच जे काय बोलली असंल ते. तेराव्याला इचारलं, तर ह्ये उठून पडवीत गेले. तवापासनं आई मला पाठवते. न्हाताना इचारते, जेवताना इचारते. तिला वाटतं, लेकीनं आपलं नाव घेतलं असंल.

मैथिली : आणि काका सांगत नाहीत?

मोरू : मला पण नाय सांगितलं. भावोजी, ऐकताय ना?

अनिल : पडदा आहे, भिंत नाय.

मोरू : मंग बोला की.

अनिल : बाई, ही कमरेला मागून बरोबर आहे. पुढं जरा दाबते.

मैथिली : उभ्यानं बघू नका, काका. हँडल धरल्यासारखं वाका आणि मग बघा. पाठ उघडी पडत नाही ना?

अनिल : नाय. वाकल्यावर बरी वाटते.

मैथिली : ती वाकलेल्या माणसाच्याच मापानं शिवलेली असते. आणि दोन का म्हणाले ते सांगते. आपल्याकडची हवा दमट. पावसाळ्यात गादी दोन दोन दिवस आतून वाळत नाही. वरून हाताला कोरडी लागते, आत ओल असते. उलटी करून सावलीत वाळवा, आणि नाहीच वाळली तर दुसरी घाला. पण ओली घालून जाऊ नका, काका. सोलून निघाल.

मोरू : बसली का, भावोजी?

मैथिली : काका, बरं आहे ना? काही टोचतंय का?

अनिल : हेच म्हणाली ती.

मोरू : कोण?

अनिल : आवडी. दारात. मी सायकल बाहेर काढली, तर ती मागून आली आणि चड्डीला हात लावून बघितला. म्हणाली, अहो, ओलीच आहे ही. ओली घालून जाऊ नका, सोलून घ्याल, मग रात्री खोबरेल मागाल. मी म्हटलं, वाऱ्यानं वाळेल. आणि निघालो. एवढंच.

मोरू : एवढंच?

अनिल : एवढंच रे. ना आईचं नाव, ना पोरांचं, ना माझं. सत्तर-बहात्तरची म्हातारी पुढ्यात बसून विचारते, माझी लेक काय बोलली. तिला काय सांगू? तुझी लेक माझ्या चड्डीबद्दल बोलली?

मैथिली : मी... मला माहीत नव्हतं, काका. मी आपलं सगळ्यांना सांगते तसं...

अनिल : तुझं काय चुकलं नाय, बाई. बरोबर सांगितलंस. तीही बरोबरच सांगत होती.

मोरू : मंग सोलली का?

अनिल : काय?

मोरू : त्या दिशी. ओली गेलात ना?

अनिल : नाय. पोलादपूर यायच्या आत वाळली. खडखडीत. कापड्यात तिला तेच दाखवणार होतो, बघ म्हणून. तेवढ्यात समोरून तुझी गाडी आली.

मोरू : तुम्ही हात केलात मला लांबनं. हसत होतात.

अनिल : हसत होतो.

मोरू : मला नंतर कितीदा वाटलं, हा माणूस हसत का होता.

अनिल : त्यासाठीच.

मोरू : भावोजी, आईला सांगू नका नायतर. म्हणा, तुझी आठवण काढली. म्हातारी सुखानं झोपंल. कोण बघायला आलंय?

अनिल : तसं सांगायचं असतं तर तेराव्यालाच सांगितलं असतं. आवडी आईशी कधी खोटं बोलली नाय. आता तिच्या नावावर मी बोलू?

मोरू : मंग मी सांगतो. मला लाज नाय.

अनिल : नाय. विचारलंय मला.

मोरू : थांबा, थांबा. परत सांगा बघू ती काय म्हणाली. अगदी तशीच.

अनिल : ओली घालून जाऊ नका, सोलून घ्याल.

मोरू : अहो, ह्ये तर आईचं बोलणं! आम्ही बारके असताना व्हाळात डुंबायचो, न् ओल्या चड्डीनंच शाळेला पळायचो. आई पेज ढवळता ढवळता चुलीपासनं ओरडायची, ओली घालून जाऊ नको, सोलून घेशील! रोज! आवडी माझी चड्डी पिळून द्यायची न् आईचीच नक्कल करायची. आमच्या घरातलंच हाय ते, भावोजी.

अनिल : खरं सांगतोस?

मोरू : तुमची शपथ. आवडीची घेतली असती, पण तिला आता कशाची भीती.

अनिल : आईंना आठवत असेल?

मोरू : तिला परवाचं जेवण आठवत नाय, पण आमच्या चड्ड्या आठवतात. ऐकून हसंल. मंग रडंल. मंग तुम्हाला शिव्या देईल, पोरगी सांगत होती तर ऐकलं का नाय म्हणून.

अनिल : त्या देतीलच.

मैथिली : काका, बाहेर या ना. इथं स्टँडवर लावलेल्या सायकलवर बसून बघा एकदा.

अनिल : या मामासमोर?

मोरू : दवाखान्यात अख्ख्या महाडानं बघितलं तुम्हाला. मी एकटा काय जास्त झालो? या बाहेर.

अनिल : आलो. बाजूला हो जरा. हां... पाय फिरवून बघतो.

मैथिली : घासतंय कुठे?

अनिल : नाय.

मोरू : आतलं काढल्यावर तर सुसाट सुटाल.

अनिल : मोरू, बाईमाणसासमोर काय बोलावं...

मैथिली : मामा खरं तेच सांगतायत. मग, याच का?

अनिल : याच. दोन दे.

मोरू : ऐतवारी येताय ना? आईला आत्ता फोन लावतो. कोंबडं कापायला सांगतो.

अनिल : जेवणाचं सांग. बाकी काय बोलू नको त्यांच्याशी. मी येतोय एवढंच सांग.

मोरू : न् तिनं इचारलं तर?

अनिल : विचारू दे.

मैथिली : पिशवीत घालते, काका. आणखी काही लागणार आहे? हातमोजे, बाटली?

अनिल : नको. माझं इथलं सगळं झालं. आईंना सांगायचं राहिलंय.