किलो किती सेकंदांत उठतो

काका : बारा, अकरा, अकरा, नऊ, आठ. काल संध्याकाळी सात. सुधारणा स्पष्ट आहे, डॉक्टर.

डॉक्टर : हे सात काय आहेत, काका?

काका : सेकंद. पडल्या जागेवरून चार पायांवर उभा राहायला किलोला लागलेला वेळ. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, शून्य ते दहापैकी दुखणं किती ते रोज लिहीत जा. मी लिहिलं नाही.

डॉक्टर : का?

काका : दहा कशाचे? एकक काय? मी छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. एकक नसलेल्या आकड्याला आमच्याकडे अफवा म्हणायचे.

काकू : आणि त्याला दुखतंय हो, म्हणून मी महिनाभर कानीकपाळी ओरडतेय, ती पण अफवाच.

काका : ते तुझं मत होतं.

डॉक्टर : त्याला पडू दे तिथेच, काकू. टेबलावर नको घ्यायला. मी खाली बसून बघते. हा पुढचा उजवा पाय. गाठ वाढलीय. हो रे, हो, झालं. वजन किती भरलं आज?

काका : एकतीस किलो. तुमचा काटा एकतीस दोनशे दाखवतो. तो तपासून घ्या.

डॉक्टर : घेते. किलो नाव कुणी ठेवलं?

काकू : यांनीच. एका दुकानाची तपासणी करायला गेले, तर हा एवढासा, कुत्र्याचं पिल्लू, तराजूच्या पारड्यात झोपलेला. बरोबर एक किलो भरला.

काका : नऊशे ऐंशी ग्रॅम. वीस ग्रॅमची सूट दिली. सबंध नोकरीत दिलेली तेवढी एकच. त्याला अकरा वर्षं झाली.

डॉक्टर : बरं. औषधं कशी चाललीत? सुजेची गोळी सकाळी खाल्ल्यावर, आणि नसांची कॅप्सूल दिवसातून तीनदा.

काका : दुपारची कॅप्सूल मी सहा दिवसांपूर्वी बंद केली.

डॉक्टर : बंद केली.

काका : घड्याळाचं वाचन नऊवर आलं होतं. गरज नसताना औषध कशाला पोटात घालायचं?

डॉक्टर : मला एक फोन केला असतात तर.

काकू : मी देत होते.

काका : काय देत होतीस?

काकू : दुपारची कॅप्सूल. उकडलेल्या अंड्याच्या बलकात घालून. तुम्ही तोंडावर पेपर घेऊन पडता ना, तेव्हा.

काका : शक्य नाही. बाटलीतल्या कॅप्सुली मी रोज मोजतो.

काकू : म्हणून तर मी वेगळी बाटली आणली.

काका : म्हणजे सहा दिवसांची वाचनं दूषित आहेत.

काकू : असू देत. कुत्रा तरी दोन घास खातोय.

डॉक्टर : काकू, पुढच्या वेळी तुम्हीही मला फोन करा. काका, हे सेकंद तुम्ही मोजता कसे?

काका : पद्धत साधी आहे. मी दाराजवळच्या खुर्चीत बसतो. घड्याळ हातात. 'किलो, चल' म्हणायचं आणि कळ दाबायची. तो उभा राहिला की परत दाबायची.

डॉक्टर : दिवसातून किती वेळा?

काका : अकरा. वेळा ठरलेल्या आहेत. एकाच वाचनावर विसंबून राहता येत नाही.

डॉक्टर : आणि दर वेळी तो उठतो?

काका : आजवर एकही हाक वाया गेलेली नाही.

डॉक्टर : काकू, तुम्ही हाक मारलीत तर?

काकू : एक डोळा उघडतो. मी आहे म्हटल्यावर परत मिटतो. त्याचं ताटपाणी मी त्याच्यापाशीच नेऊन ठेवते. मला काही त्याला परेड करायला लावायची नाही.

डॉक्टर : काका, तो बरा होणार नाही, हे आपलं गेल्या महिन्यात बोलणं झालंय. पाय काढला असता तर दुखणं थांबलं असतं, पण मागचे दोन्ही खुबे झिजलेत, तीन पायांवर तो उभा राहू शकला नसता. छातीच्या फोटोतही डाग आलेत. आता आपल्या हातात एवढंच, की जितके दिवस आहे तितके दिवस त्याला दुखू द्यायचं नाही.

काका : मान्य. त्यासाठीच तर मोजतोय.

डॉक्टर : ती गाठ आतून हाड पोखरतेय. चालताना दुखतंच, पण पडल्यावरून उठताना सगळा भार एकदम त्या पायावर येतो. त्याला सगळ्यात जास्त तेव्हा दुखतं.

काका : माझाही तोच अंदाज होता. म्हणून तेच मोजायला घेतलं.

डॉक्टर : हो.

काकू : अहो.

काका : अकरा गुणिले तेवीस दिवस.

डॉक्टर : गुणाकार नका करू, काका.

काका : दोनशे त्रेपन्न वेळा.

काकू : बसा खुर्चीत. बसा आधी.

काका : पण वेळ कमी होत होता, डॉक्टर. बारावरून सातवर आला. वहीत आहे.

डॉक्टर : लवकर उठलं की तुम्ही खूश होता, हे त्याच्या लक्षात आलं असेल.

काकू : खूश? 'आठ आला रे माझ्या वाघाला' म्हणून मानेखाली खाजवत बसतात. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, माझ्या एका कामाला इतकी शाबासकी मिळाली नाही.

डॉक्टर : दुखत असलं तरी तो तुमच्यासाठी उठतो. त्यामुळे तुमच्या घड्याळात त्याचं दुखणं येतच नाही.

काका : मग काय येतं?

डॉक्टर : ते तुम्हाला कळलंय.

काका : हं.

डॉक्टर : आता असं करा. हाक मारायची नाही. तो आपण होऊन काय करतो तेवढं लिहा. बसल्या बसल्या धापा टाकतो का, पाय सारखा चाटतो का, घडीघडी कूस बदलतो का, त्याला सलग झोप लागते का.

काकू : हे सगळं मी यांना सांगितलं होतं.

काका : एकक नव्हतं त्यात.

काकू : आता चाललं वाटतं एककाशिवाय.

काका : चाललं.

(आठ दिवसांनी, फोनवर.)

डॉक्टर : काका, जरा मोठ्याने बोला. काही ऐकू येत नाही.

काका : मोठ्याने बोलता येणार नाही. मी मागच्या जिन्यात उभा आहे.

डॉक्टर : जिन्यात का?

काका : माझा आवाज ऐकला की तो उठतो.

डॉक्टर : हाक न मारता?

काका : हाकेची गरज नाही. परवा शिंकलो, तरी उठला. म्हणून मी घरातलं वावरणंच बंद केलंय. सकाळी वाचनालय, दुपारी जिना. जेवायला मागच्या दाराने जातो, चपला हातात घेऊन.

काकू : डॉक्टर, मीही इथेच आहे, पायरीवर. शेजारीण विचारत होती, तुमचं काही बिनसलंय का. म्हटलं नाही हो, हे कुत्र्यापासून लपलेत. तेव्हापासून ती माझ्याशी जरा जपूनच बोलते.

डॉक्टर : आणि किलो काय करतो?

काका : नोंद आहे. पहिल्या दिवशी आपण होऊन सहा वेळा उठला. काल चार वेळा. म्हणजे विश्रांती वाढलेली दिसते.

काकू : कशाला उठला तेही सांगा.

काका : एकदा लघवीला.

काकू : आणि तीनदा?

काका : तीनदा दारापर्यंत गेला. तिथे उभा राहिला आणि परत आला.

काकू : यांची खुर्ची हुंगतो, दारात जातो, परत खुर्ची हुंगतो. मी त्याला दहादा सांगितलं, येतील म्हणून. माझ्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही.

डॉक्टर : काका, मी हाक मारू नका म्हटलं होतं. घर सोडा म्हटलं नव्हतं.

काका : मग मी करू काय? मी घरात असलो तरी उठतो, नसलो तरी उठतो. तुम्ही त्याला सांगा काही.

डॉक्टर : तुम्ही खुर्चीत असता, तो जमिनीवर. तुमच्याजवळ यायचं तर त्याला उठावंच लागतं. तुम्हीच खाली जा. त्याच्या शेजारी, जमिनीवर. उठायला कारणच ठेवू नका.

काका : मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. खाली बसलो तर मला उठवायला दोन माणसं लागतात.

काकू : एक मी आहे. दुसऱ्याचं बघू.

डॉक्टर : जाड गादी टाका. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतील तिथे काहीतरी अंथरा.

काकू : पायपुसणी टाकलीत. हॉलपासून मोरीपर्यंत सव्वीस. घरात फरशी होती हेच विसरायला झालंय.

डॉक्टर : छान. आणि झोप? धापा?

काका : दुपारी तीननंतर धापा टाकतो. पाय चाटतो, अर्धा अर्धा तास. दोन तासांपेक्षा जास्त सलग झोपत नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं आहे, डॉक्टर. मी आधी बघतच नव्हतो.

डॉक्टर : मग औषध वाढवू या. आणखी एक गोळी लिहून देते. उपाशीपोटी काही द्यायचं नाही. आणि माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही नाही, अर्धीसुद्धा नाही.

काका : दुपारची कॅप्सूल यापुढे मी देईन.

काकू : बलकातून द्या. नुसती दिली तर गालात धरून ठेवतो आणि तुमची पाठ वळली की थुंकतो.

काका : हे मला माहीत नव्हतं.

काकू : तुमची पाठ वळलेली असायची ना.

•

डॉक्टर : काका, आज आवाज खणखणीत येतोय. जिन्यात नाही वाटतं?

काका : गादीवर आहे. आज पाच आठवडे झाले. किलो इथेच आहे, डोकं माझ्या मांडीवर.

काकू : चहा खाली, जेवण खाली, पेपर खाली. विमावाले आले होते, त्यांनाही खालीच बसवलं. बिचाऱ्यांनी कागद मांडीवर घेऊन सह्या घेतल्या.

डॉक्टर : उठवायला दुसरं माणूस कोण मिळालं?

काकू : समोरचा दूधवाला. सकाळी येतो तेव्हा यांना उभं करतो. बाकी दिवसभर भिंत.

काका : डॉक्टर, पाच आठवडे चांगले गेले. हे तुमच्याकडे लिहून ठेवा.

डॉक्टर : लिहिते.

काका : पोटाखालून टॉवेल घालून आम्ही त्याला रोज बाहेर झाडाखाली नेत होतो. पुढून मी, मागून ही. गेल्या आठवड्यात त्याला मांजर दिसलं. तो उठला नाही, पडल्या पडल्याच भुंकला. न उठताही भुंकता येतं हे त्याला अकरा वर्षांनी कळलं. मला फार बरं वाटलं त्या दिवशी.

डॉक्टर : आणि आता?

काका : चार दिवस झाले, गोळीचा असर दोन तासही टिकत नाही. नंतर थरथरतो. काल अंड्याकडे बघून तोंड फिरवलं.

काकू : माझ्या हातचं नाही, यांच्याही हातचं नाही.

डॉक्टर : मी डोस अजून थोडा वाढवू शकते. त्याने तो बहुतेक वेळ झोपून राहील.

काका : दुखायचं थांबेल?

डॉक्टर : कमी होईल. थांबेल असं मी सांगणार नाही.

काका : आज सकाळी दूधवाल्याने मला उभं केलं. मला उभं बघून हाही उठायला लागला. मी म्हटलं, बस, मी आलोच. ऐकेना. अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. त्याला वर येता येईना आणि खालीही बसता येईना. तसाच माझ्याकडे बघत राहिला. मग मीच भिंतीला धरून परत खाली बसलो आणि त्याला धरून आडवा केला.

डॉक्टर : पाय टेकतोय? वाकडा वगैरे दिसतोय का?

काका : नाही. पाय तसाच आहे.

डॉक्टर : बरं.

काका : डॉक्टर, त्याला दुखतंय.

डॉक्टर : हो, काका.

काका : फार दुखतंय त्याला.

काकू : मी बोलू का पुढचं?

काका : नको. मीच बोलतो. ते तुम्ही म्हणाला होतात ना, शेवटचं इंजेक्शन. ते घरी येऊन देता येतं?

डॉक्टर : येतं. आधी झोपेचं देते. तो गाढ झोपला की मग दुसरं. त्याला काही कळणार नाही.

काका : मी असाच बसून राहिलो तर तुमच्या कामात अडचण होईल?

डॉक्टर : अजिबात नाही. असेच बसा.

काकू : मलाही थोडं सरकून जागा द्या तिकडे.

काका : ये. उशी घे.

डॉक्टर : उद्या सकाळी मी मोकळी आहे. आजही संध्याकाळी पाचला येऊ शकते. तुम्ही दोघं ठरवा, घाई नाही.

काकू : उद्यापर्यंत थांबायचं का? अजून एक रात्र आपल्याजवळ राहील.

काका : आपल्याजवळ राहील, हे खरं. पण ती रात्र त्यालाच काढायची आहे.

काकू : हं.

काका : मलाही वाटतंच गं थांबावंसं.

काकू : माहीत आहे मला. डॉक्टर, आजच या.

डॉक्टर : पाचला येते.

काका : आणि डॉक्टर, बेल वाजवू नका. बेल वाजली की आधी दारात तो जातो. दार उघडंच ठेवतो.