शालिकरामभाऊंचे गंजके नमुने

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या हार्डवेअर व्यापारी मंडळाचे आधारस्तंभ माननीय खुशालरावजी, अकोल्याच्या उन्हातून निघून खास आमच्यासाठी अमरावतीच्या उन्हात आलेल्या प्रमुख पाहुण्या, चित्रकलेच्या प्राध्यापक रागिणीताई, सत्कारमूर्ती शालिकरामभाऊ गावंडे, सौ. दुर्गावहिनी, आणि भाजीला फोडणी पडल्याचा वास येऊनही खुर्ची न सोडणाऱ्या तमाम बंधुभगिनींनो,

शालिकरामभाऊ दुकान बंद करत आहेत. गुडघे कुरकुरतात, मुलगा नोकरीत रमला. गाळा विकला, तिथे मोबाईलचं दुकान येतंय. भाऊंबद्दल बोलायला मंडळाने मला उभं केलं, म्हणजे रस्त्यापलीकडच्या शेषरावला, त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला. अशा प्रसंगी खरं बोलण्याची जोखीम प्रतिस्पर्ध्यावर टाकणाऱ्या मंडळाच्या धोरणीपणाला माझा नमस्कार.

आता मला सांगा, हा गृहस्थ विकायचा काय? कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, खिळे. आणि हौस म्हणून फोटो कशाचे काढायचा? कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, खिळे. हाकेच्या अंतरावर मेळघाट. लोक सेमाडोहला वाघासाठी जीव टाकतात. मी एकदा म्हटलं, भाऊ, एखादा वाघ तरी काढा. तर म्हणतात, "वाघ हालते न, शेषराव. खिळा कसा गुमान बसते."

आपल्या धंद्याची रीत तुम्ही जाणताच. गिऱ्हाईक घरची मोडकी कडी नमुन्याला आणतं, तशीच नवी घेतं आणि जुनी काउंटरवर टाकून जातं. आपण ती भंगारात टाकतो. भाऊ तिला पाटावर पोतं पसरून बसवतात. त्यांचं दुकान पूर्वेला तोंड करून. सकाळचं ऊन भसकन आत येतं, म्हणून ते शटर अर्धं खाली ओढायचे आणि खालून येणाऱ्या उजेडात पालथे पडून फोटो काढायचे.

इथेच घोटाळा झाला. अर्धं शटर म्हणजे त्या घरी कोणी गेलं, हा आपल्या बाजाराचा संकेत. अशा दुकानात कोणी डोकावत नाही, सरळ घरी जायचं. पहिल्यांदा ते शटर दिसलं आणि आमच्या सगळ्या ओळीची शटरं खाली आली. भाऊंचे वडील पुंजाजी तेव्हा थकलेले. आम्ही पांढरे कपडे चढवले, खुशालरावांनी हार घेतला, आणि आम्ही मान खाली घालून त्यांच्या घरी पोचलो. दार उघडलं पुंजाजींनी. हाराकडे पाहून म्हणाले, "कोनाच्या घरी चालले रे पोट्टेहो?"

अध्यक्ष महोदय, आपण तेव्हा हार पाठीमागे लपवला होता, हे सभेला सांगायला हरकत नसावी.

तिथून आम्ही तणतणत दुकानात आलो. शटरखालून वाकून पाहतो तर भाऊ एका गंजक्या कडीपुढे पालथे. मान न वळवता म्हणतात, "उजेडात उभे नोका राहू बापा." खुशालरावांनी तो हार त्यांच्याच गळ्यात टाकला. भाऊंचा पहिला सत्कार तो. दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या शटरवर पाटी लागली: 'आत सर्व कुशल आहे.' तरीही निम्मं गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं. या कलेची सर्वांत जास्त कदर कोणी केली असेल, तर ती मी.

रागिणीताईंनी अकोल्यात या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा मोर्शीच्या शकुनबाई लग्नाला म्हणून आल्या होत्या, त्या आत शिरल्या. समोर भिंतीवर त्यांच्याच दाराची कडी, परातीएवढी. बाई भाऊंवर घसरल्या. "एवढा गंज लोकाइले दाखवाची काय गरज होती? मले सांगतले असते तं घासून देली असती." मग जवळ गेल्या. कडी खिळखिळी झाली होती म्हणून तिला दोरा गुंडाळलेला. "हा दोरा माह्या सासूनं बांधला व्हता," म्हणाल्या, आणि लग्नाची वेळ टळली तरी तिथून हलेनात. मी शेजारीच उभा होतो. ती कडी मी डोळे झाकून भंगारात घातली असती.

मंडळी, परवा दुर्गावहिनींचा फोन आला. "भाऊजी, यायनं कॅमेरा फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. म्हणतात, दुकान गेलं, आता नमुने कोन आनते? घराच्या खिडकीसमोर तं शेजाऱ्याची भिंत. काल दिवसभर त्या भिंतीकडेच पाहून राहिले." वहिनी, तुम्ही हे कोणाला सांगू नका म्हणाला होतात. मी फक्त या हॉलमध्ये सांगतोय.



मंडळाने शाल दिली, श्रीफळ दिलं. माझं देणं एवढंच आहे. भाऊ, माझं दुकान पश्चिमेला तोंड करून, सकाळचा उजेड काही माझ्याकडे नाही. पण चार वाजता ऊन काउंटरच्या आतपर्यंत येतं. तिथल्या रंगाच्या बादल्या मी काल हलवल्या आणि पोतं अंथरलं. नमुने घेऊन गिऱ्हाईक येतंच. तुमच्यापायी ते खोळंबेल, मला ठाऊक आहे. खोळंबू द्या.

आयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, दोघांचाही आभारी आहे. थट्टेत कोणाला काही लागलं असेल तर घरचाच माणूस समजून पोटात घाला. भाऊ, माळ्यावरून कॅमेरा काढा आणि सोमवारी या. उपकार म्हणून बोलावत नाही. साऱ्या जन्माची तुमच्या तोंडाकडे पाहत धंदा करायची सवय आहे. आता त्या मोबाईलच्या दुकानाकडे पाहत एकट्यानं बसणं मले जमनार नाही.