हसण्यासाठी सोडलेली जागा

नाही, फोनवरचा सिनेमा मागं ने, पुन्हा लाव — मी म्हातारी आहे, आंधळी नाही. हं, इथं. हा मुलाचा बाप मिशीला पीळ देत म्हणतो, ‘आमच्या पोरानं आजवर मान वर करून बाईकडं पाहिलेलं नाही’, आणि मी म्हणते, ‘बरंय की, मांडवात मुलगी बदलली तरी त्याला कळायचं नाही’ — आणि लगेच, श्वासही न घेता, ‘पण मला कळेल, ती माझ्या हातची वाढलीय’. बघितलंस? मधली जागा कुठं गेली? कुणी खाल्ली? तू चेन्नईहून कुंभकोणमला आलास ते जुना सिनेमा धुऊनपुसून पुन्हा लावताय, त्या समारंभाला मला बोलवायला — की माझ्या तोंडचं काढून घेऊन वर मलाच शाल पांघरायला? कॉफी घे, निवतेय. रागावले म्हणून दिलेली कॉफी परत घेत नाही मी.

रिकामी जागा होती म्हणे. नाव काय म्हणालास तुझं — मुगिलन — तर मुगिलन तंबी, लहान भाऊ म्हणून सांगते, नीट ऐक. सिनेमा व्हायच्या आधी ते नाटक होतं, आणि त्या नाटकातली मुलीची आत्या म्हणजे ही वडिवांबाळ. तिशीतच पांढरे केस लावून उभी राहायचे. मदुरै म्हणू नकोस, तूत्तुकुडी म्हणू नकोस, जत्रेच्या मैदानात, लग्नाच्या मंडपात, कुठंही — ‘मांडवात मुलगी बदलली’ म्हटलं की माणसं हसत सुटायची. आणि हसू म्हणजे उतू जाणारं दूध, खाली बसेपर्यंत थांबावं लागतं. आधी बोललीस तर पुढचं वाक्य बुडालं, उशीर केलास तर हसू गार. हे मला कुणी शिकवलं? कुणीच नाही. शाळा मी बाहेरून पाहिलेली, अक्षरं नाटकाच्या कागदांवरून लावत गेले, आणि थांबायचं कसं ते माणसांनीच शिकवलं, हसून हसून.

मग कोडंबाक्कमला स्टुडिओत नेलं. मी बोलले आणि थांबले. समोर कोण? कॅमेरा, दिवे धरणारे, आणि हसायची सगळ्यांना बंदी. मी डायरेक्टरकडं बघतेय, डायरेक्टर माझ्याकडं. त्याच्या मदतनिसाला वाटलं मी विसरले, तो खालून पुढचं वाक्य कुजबुजायला लागला. मी म्हटलं, ‘पाठ आहे रे बाबा, लोकांना हसून तर होऊ दे.’ ‘कुठले लोक, अम्मा?’ ‘येतील की.’ पुन्हा घेतलं, पुन्हा थांबले — माझ्या हातात होतं का ते, जीभच उचलेना. शेवटी फिल्मचं रीळ संपत आलं, डायरेक्टरनं हात जोडले, म्हणाला, असू दे.

आणि मदुरैच्या थिएटरात काय झालं सांगू? हिरोचं एक वाक्य धड ऐकू आलं नाही कुणाला, नुसत्या शिट्ट्या. आणि माझ्या वाक्यावर माणसं हसली, पोटभर हसली, बरोब्बर तेवढ्याच जागेत मावली — आणि मग ‘माझ्या हातची वाढलीय’ म्हटलं तर सगळं थिएटर चिडीचूप, बायकांचे पदर डोळ्यांना. तुझ्या साहेबांना म्हणावं, ही रिकामी जागा.

काय? आजच्या माणसांना धीर नाही? बाई नुसती उभी राहते, काही घडत नाही? घडत नाही कसं — डोळे उघडून बघा ना, मागं भटजी नाही का उभा, विड्याचं तबक घेऊन. तो हसतो. हसतो म्हणजे चांगला गदगदतो, तबकातली पानं हलतात. — कोण असणार, भटजी. होता कुणीतरी. तुला काय करायचंय, मुरुक्कू खा, घरचे आहेत.

बघतोस काय असा. आमचे हे होते. झालं समाधान?

नाटकात मुलाच्या बापाचं काम हेच करायचे. सिनेमात ती मिशी एका मोठ्या नटानं नेली आणि ह्यांना तबक दिलं, तोंडी शब्द नाही. घरी येऊन रसम-भात जेवले आणि झोपले. आता बापानं त्या वाक्यावर लालबुंद व्हायचं असतं, नाही का — म्हणजे नाटक चाललं तितकी वर्षं हा माणूस माझ्यासमोर उभा राहून चिडत आला. घरी तर बिनमिठाच्या इडलीसारखा चेहरा. मला वाटायचं, सगळ्या मुलुखाला मी हसवते, फक्त ह्यांना माझ्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आणि थिएटरात बघते तर पडद्यावर माझ्या पाठीमागं हे हसतायत. भटजीकडं कोण बघतंय, म्हणून मोकळे झाले असणार. विचारलं तर म्हणाले, ‘धोतर सुटत होतं, म्हणून तोंड तसं झालं.’ शेवटपर्यंत धोतरच सांगत होते.

ह्यांचे फोटो आहेत की, पेटीभर आहेत. फोटोवाला सांगतो म्हणून फोटोत कुणीही हसतं.

तेव्हा लाव फोन साहेबांना. रागानं नाही, साधं सांग — शाल नको, हार नको, समारंभाला येते, पुढच्या रांगेत बसते, आणि ती जागा कापलेली निघाली तर पडद्यापुढं जाऊन उभी राहते, माणसं हसेपर्यंत. गुडघे दुखतात, पण उभं राहायला मी कधी कंटाळलेले नाही. — काय म्हणतात? विचारतात कोण भटजी? भटजीचं तू काढलंस होय? सांग, सांग त्यांना. — हं. — ठेवतो म्हणाले? आत्ता, तुझ्यासमोर म्हणाले ना, मागाहून नाही फिरायचे?

बरं. मग आता तो न कापलेला तुकडा असेल तुझ्याकडं तर लाव एकदा. असा धर, उजेड येतोय. हा मिशीवाला, ही मी — हे ऐकलंयस तू, राहू दे, आवाज कमी कर. माझ्याकडं नको बघूस, खांद्यामागं बघ, डावीकडं, तबकाच्या वर. आणि जरा गप्प बस.