राहिलेला राक्षस

कल्याण स्टेशनबाहेरच्या दुरुस्तीच्या दुकानात चित्राताई फोनची वाट बघत ताटकळल्या होत्या. हाताला फोन नसला की कान आपोआप मोकळे होतात. शेजारी बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला जुना गेमचा कन्सोल.

"ताई, नवा कन्सोल घेतलास, तोच गेम नव्याने चकाचक होऊन आलाय, तर पहिल्यापासून खेळ ना! जुना सेव्ह केलेला खेळ कशाला हवाय?"

"वा रे वा! सगळे किल्ले आपण दोघांनी घेतलेत. ते परत कोण घेणार, तुझे भावोजी? त्यांना साधी उडी मारता येत नाही."

"मग आधी हा चालू व्हायला हवा. ह्याच्यावरून सेव्ह अपलोड करायचा, मग तुझ्या नव्यावर उतरवायचा. आणि एकच सेव्ह जातो हां."

"मग तुझा पाठव. तू पुढे गेला असशील."

"माझा वेगळा नाहीये. आपला होता तोच आहे."

"म्हणजे? माझ्या लग्नाला दोन वर्षं होतील, ऋतुराज! अजून संपवला नाहीस?"

"नाही."

"अरे, शेवटचा राक्षस तर राहिलेला. दहा मिनिटांचं काम!"

"माहितीये."

"मग घोडं अडलं कुठे?"

"तूच सेव्ह करून उठलेलीस ना? म्हणालीस, मुलाकडचे आलेत, पोहे देऊन येते, तोवर हात लावू नकोस."