कॅनडाच्या डेकच्या फटी

अरे, इथे आखाती वाळवंटात, हमरियातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये कॅनडातल्या घरांसाठी लाकडी डेकचं सॅम्पल बनवलं होतं. बर्फ वितळला की पाणी खाली जावं म्हणून फळ्यांमध्ये मी मुद्दाम फटी ठेवल्या होत्या. सकाळी यार्डात येऊन बघतो, तर आमच्या सुतारमामांनी सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवलेल्या!

"फटींत वाळू गेली असती ना, साहेब."

सिलिकॉन खरवडायला वेळच नव्हता, कारण कॅनडाचा पंजाबी बिल्डर सॅम्पल बघायला गेटवर पोचला होता. आल्या आल्या त्याने डेकवर पाणी ओतलं. पाणी जागचं हलेना.

"ये जाएगा कहाँ?"

मामा बिनधास्त म्हणाले, "उड़ जाएगा, साहब."

आणि चहा येईपर्यंत उन्हात डेक खरंच कोरडा ठणठणीत! मी श्वास सोडला.

बिल्डर शांतपणे म्हणाला, "हमारे यहाँ जनवरी का पानी अप्रैल में उड़ता है."