घरमालकाचा फोटो

आदरणीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या संस्थेचे संचालक, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांना आपण आज निरोप देतो आहोत त्या माझ्या मार्गदर्शक मॅडम, प्राध्यापकवर्ग, कार्यालयातली मंडळी आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या भावंडांनो,

आधी एक दुरुस्ती. मघाशी याच माइकवरून मॅडमचा परिचय करून देताना मी म्हणाले, "मॅडम स्वेच्छेने निवृत्त होत आहेत." तो शब्द मला लिहून दिला होता, मी वाचला. तो चुकीचा आहे. कृपया खोडावा. आवाज थरथरतोय तो माझा. माइकवाल्या दादांनी बटणं फिरवू नयेत.

माझं चौथीपर्यंतचं शिक्षण घरीच झालं. आत्या शिकवायची. उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकली असेल तर ती काट मारायची. मी रडायचे. ती म्हणायची, "रड हवं तेवढं, पण आधी परत मांड." पुढे मॅडम भेटल्या आणि वाटलं, ही तर आत्याच, पांढरा कोट घालून आलेली.

पाहुण्यांसाठी आमचं काम सोप्या शब्दांत सांगते. माणसाच्या शरीरातलं एखादं प्रथिन हवं असलं की त्याची कृती आम्ही जिवाणूच्या पोटात घालतो आणि म्हणतो, बाबा रे, बनव. मग त्याला फोडून त्या गर्दीतून आपलं प्रथिन वेगळं काढायचं, त्याचे स्फटिक करायचे आणि स्फटिकांवरून आकार शोधायचा. माझे स्फटिक देखणे आले. संचालकसाहेबांनी लगेच 'माणसाच्या प्रथिनाचे स्फटिक मिळाले' असा पेपर छापला, संस्थेला पारितोषिक मिळालं. आकार मी नंतर काढत बसले, आणि तो काही जुळेना.

मॅडमनी पडद्यावर पाहिलं आणि हसत सुटल्या. "अगं वेडे, भाडेकरूला शोधायला गेलीस आणि घरमालकाचा फोटो काढून आणलास! हे जिवाणूचं स्वतःचं प्रथिन आहे."

मला रडू फुटलं.

"रडतेस काय? या धंद्यात भल्याभल्यांचं होतं असं. आता सांगून टाकायचं, झालं."

झालं? कुठलं झालं! साहेब, आपल्या केबिनमध्ये मीही उभी होते. आपण म्हणालात, "मॅडम, पोरीचं डोकं फिरवू नका. छापून आलंय, पारितोषिक घेऊन झालंय. उकरून कुणाचं भलं होणार?"

मॅडम म्हणाल्या, "पुढच्या पोरांचं. ती यावर विसंबून औषध शोधायला बसतील."

त्यानंतर मॅडमकडे एकही नवा विद्यार्थी दिला गेला नाही. आमची प्रथिनं ठेवायच्या शीतखोलीचं कुलूप बदललं, नवी किल्ली मॅडमना मिळाली नाही. आणि मग ही 'स्वेच्छा' उगवली.

आज जो उठला तो म्हणाला, मॅडम फार मायाळू. मला संताप आला. पुरुष प्राध्यापक निवृत्त झाले की आपण त्यांचं संशोधन सांगतो. बाई निवृत्त झाल्या की त्या डब्यातलं कसं वाटून खायच्या ते सांगतो. त्या बरोबर होत्या, एवढं एकाच्याही तोंडून निघू नये? विद्यार्थी घडवायचा म्हणजे काय, मान डोलवायला शिकवायचं? शंका काढली की तो कृतघ्न?

"तुझी पीएच.डी. त्याच पेपरवर उभी आहे, बघ हं," असंही आपण मला बजावलंत. बघतेच आहे, साहेब. दुसरं काही दिसतच नाही. घरीही सांगितलं. आई म्हणाली, "एवढी वर्षं घातलीस गं त्यात." खरं आहे. जातीलही ती.

मॅडम, तुम्ही मला खुणेनं 'बस' म्हणताय. दिसतंय मला. आज ऐकणार नाही.

परिचयाचं काम दिलेल्या मुलीला आयोजकांनी दुसऱ्यांदा माइक दिला, त्यांचे आभार. कुणी मध्ये उठून गेलं नाही, तुमचेही आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. मुद्द्याची मात्र माफी मागत नाही. माझं प्रबंधाचं शेवटचं सादरीकरण बाहेरच्या परीक्षकांसमोर व्हायचं आहे. ते प्रथिन खरं कुणाचं आहे हे मी तिथे दाखवणार आहे, आणि पेपर मागे घ्या असं साहेबांच्या समोर म्हणणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर यावं: येत्या गुरुवारी, एकोणीस तारखेला, सकाळी अकरा वाजता.