मामाच्या व्हॅनचा गेन

मले गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरचं काम सांगूच नका, गड्याहो. मेडशीच्या मामाची भाजी विकाची व्हॅन हाये, तिच्यात म्या एकदा बसवला. गेन म्हंजे आवाज किती वाढवाचा तो स्क्रू, तो लावाचं तं सोपं काम. स्क्रू फिरवत जा, आवाज फाटला का जरासा मांगं घ्या. त्यासाठी मामानं मोबाइलात भरलेली आरोळीच लावली, "वांगे घ्याऽऽ, मेथी घ्याऽऽ!"

पहिल्याच आरोळीले आवाज फाटला. स्क्रू मांगं घेतला, तरी फाटकाच. पार कमी केला, आवाज बारीक झाला, तरी फाटकाच! वायर बदलली, स्पीकर बदलला. इकडे व्हॅनमंधी मेथी सुकून राह्यली. शेवटी वैतागून म्या बॅटरीची वायरच उपटली. तरी मांगून तोच फाटका आवाज आला, "काय झालं बे?"

पाह्यतो तं मामा उभा!

मामी ओट्यावर बसून सारं पाहून राह्यली होती. तिनं इचारलं, "काहून रे, त्या स्क्रूनं आवाज कमी होते?"

म्हटलं, "होते ना, मामी."

तिनं मामाकडे बोट केलं, "मंग याइचा कुठी हाये तो पाह्य बापा. मले तं बावीस वर्षांत सापडला नाही."